कलकत्त्याहून सिडनीला निघालेला माणूस

तर झालं असं. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी त्यांना सिंगापूरहून क्रूझला पाठवायचं ठरवलं. तीन रात्री, पेनांग आणि फुकेत. बोटीचं बुकिंग बोटीच्या साइटवर, विमानाचं विमानाच्या साइटवर, दोन्ही मीच केलं. मुंबईहून रात्री साडेअकराचं विमान, सकाळी साडेसातला सिंगापूर, आणि बोट सुटणार संध्याकाळी पाचला. मध्ये साडेनऊ तास! आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचे पैसे कशाला घालवा, असा हिशेब करून मी स्वतःवर खूषही झालो होतो.

विमान आठ तास उशिरा सुटलं. तांत्रिक बिघाड. इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी हे सगळं करून दोघं धक्क्यावर पोचले तेव्हा पावणेपाच वाजले होते. बोट समोर उभी होती, पण चेक-इन साडेतीनलाच बंद झालेलं. बाबांचा फोन आला. "अरे, बोट दिसतेय, पण जाता येत नाही." आवाजात राग वगैरे काही नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं.

त्या रात्री मी दोन्हीकडे फोन केले. विमानवाले म्हणाले, तुम्हाला सिंगापूरला पोचवायचं होतं, पोचवलं. बोटवाले म्हणाले, आमची बोट वेळेवर सुटली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आमच्या धंद्यात हे रोज बघतो: एकच काम दोन वेगळ्या सिस्टिम्समध्ये केलं आणि एका ठिकाणी फसलं, तर दुसऱ्या ठिकाणचं आपोआप मागे फिरत नाही. ती सोय आधी कोणीतरी लिहून ठेवावी लागते. मी लिहिली नव्हती.

बोटवाल्यांच्या फोनवरच्या बाईंनी मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. नुसतं न येणं वेगळं आणि 'उशीर झालाय, पुढच्या बंदरात चढू का?' असं विचारणं वेगळं. पहिल्यात बुकिंगच संपतं. दुसऱ्यात कागदपत्रं ठीक असतील तर परवानगी मिळू शकते. आम्ही विचारलं, मिळाली. रात्री हॉटेल, सकाळी पेनांगचं विमान, आणि दुपारी दोघं बोटीवर. एक रात्र गेली. ती नेमकी लग्नाच्या वाढदिवसाची.

असो. त्यानंतरचे तीन विकांत मी एकाच प्रश्नात घालवले: हा तोटा कोणाचा? आणि शोधता शोधता आपल्याच १८७२ च्या करार कायद्यात एक माणूस भेटला.

त्या कायद्याच्या कलम ७३ खाली बरीच उदाहरणं दिली आहेत (कायदा लिहिणाऱ्यांनी टेस्ट केसेस सोबत दिल्या, हे मला फार आवडलं). त्यातलं एक असं. अ हा जहाजमालक. तो ब ला कलकत्त्याहून सिडनीला न्यायचं कबूल करतो. जहाज १ जानेवारीला सुटणार, अर्धं भाडं आगाऊ दिलेलं. जहाज त्या दिवशी सुटतच नाही. ब काही दिवस कलकत्त्यात अडकतो, मग दुसऱ्या जहाजाने जातो, सिडनीला उशिरा पोचतो आणि तिथे त्याचे काही पैसे बुडतात. आता अ ने काय काय द्यायचं? आगाऊ रक्कम व्याजासह परत. कलकत्त्यात अडकल्याचा खर्च. दुसऱ्या जहाजाचं भाडं जास्त पडलं असेल तर वरचा फरक. पण सिडनीत बुडालेले पैसे? ते नाही!

दीडशे वर्षांपूर्वीचं उदाहरण, पण जहाजाच्या जागी विमान आणि सिडनीच्या जागी मरीना बे घाला, आमचीच गोष्ट आहे.

हा नियम आला कुठून? १८५४ चा इंग्लंडमधला 'हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल' हा खटला. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. तो नमुना म्हणून ग्रीनिचच्या इंजिनिअर लोकांकडे पाठवायचा होता, म्हणजे तसाच नवा करता येईल. वाहतूक करणाऱ्या कंपनीने उशीर केला, गिरणी तितके दिवस जास्त बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. ज्यूरीने दिलाही. वरच्या न्यायाधीशांनी मात्र म्हटलं की नुकसान दोनच प्रकारचं मोजायचं: जे अशा उशिरातून कुणाचंही सहज होईल ते, किंवा करार करतानाच दोन्ही बाजूंना ठाऊक होतं ते. दांडा वेळेत गेला नाही तर गिरणी बंदच राहणार, हे वाहतूकवाल्याला कळवलेलं नव्हतं असं धरून खटला पुन्हा चालवायचा हुकूम झाला.

म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो इथे: पलीकडे बोट उभी आहे, हे विमानवाल्याला तुम्ही सांगितलं होतं का? साइटवर तसा रकानाच नसतो, सांगणार कुठे?

गंमत म्हणजे पूर्वीच्या काळी हे सांगावंच लागत नसे. १८९० पासून लंडनहून दर आठवड्याला 'पेनिन्सुलर एक्स्प्रेस' नावाची गाडी सुटायची, ती थेट इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदराला जायची. तिच्यात हिंदुस्थानचं टपाल आणि पी अँड ओ कंपनीचे प्रवासी. गाडी कशासाठी धावतेय हे ड्रायव्हरपासून सगळ्यांना माहीत! आपल्याकडे बॅलार्ड पिअरवर तर बोटीच्या प्रवाशांसाठी धक्क्यालगतच मोल स्टेशन होतं. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच सुटायची. टपालाची निकड होती म्हणून गाडी आणि बोट एकमेकींना धरून राहिल्या. प्रवाशांना तो फायदा आयताच मिळाला, असं माझं मत.

विमानं आली आणि ही गाठ सुटली. १९२९ च्या वॉर्सा करारात उशिरामुळे झालेल्या नुकसानीला विमान कंपनी जबाबदार, असं कलम १९ मध्ये सरळ लिहिलंय. लगेच पुढच्या कलमात पळवाटही आहे: नुकसान टाळायला आवश्यक ते सगळं केलं असं कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटली. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने हेच शब्द थोडे बदलून पुढे चालवले. आकडाही तोच, कलम १९. भारत त्यात २००९ साली आला. उशिराच्या भरपाईची माणशी कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून ६३०३ एसडीआर आहे. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन, त्यामुळे ही रक्कम आठ हजार डॉलरच्या वर जाते. मात्र ही कमाल आहे, बक्षीस नव्हे. जितकं नुकसान सिद्ध कराल तितकंच. आणि कोणतं नुकसान धरायचं हे कोर्ट बहुधा आपल्या देशाच्या कायद्यानेच ठरवतं, म्हणजे फिरून आपला कलकत्त्याचा माणूस आहेच.

अमेरिकेत या भांडणाला जो चेहरा मिळाला तो राल्फ नेडरचा. २८ एप्रिल १९७२ ला त्याला वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेत बोलायला जायचं होतं. पक्कं तिकीट असूनही विमानात जागा नाही, कारण कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली. नेडरचं दुखणंही आमच्यासारखंच: खुर्ची गेली याचं नाही, पलीकडे जे वाट बघत होतं ते हुकलं याचं. तो कोर्टात गेला आणि १९७६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याला दावा चालवायचा हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यानंतर १९७८ मध्ये तिथल्या विमान मंडळाने नियम केला की जागा कमी पडल्या तर आधी मोबदला देऊन कोण आपणहून उतरतं ते विचारा. ज्याची बोट चुकणार नाही तो उतरेल. ही कल्पना ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने दहा वर्षं आधी मांडली होती.

अमेरिकेत पुढच्या बंदरात चढण्याचा पर्यायही सरळ नाही. तिथला १८८६ चा कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी उतरवू देत नाही. मोठ्या क्रूझ बोटींवर बहुतेक परदेशी झेंडे. म्हणजे सिॲटलची बोट चुकली, अलास्कातल्या केचिकनला गाठून चढलात आणि सिॲटलला उतरलात, तर माणशी दंड. तिथे बोटवाल्यांनी नाही म्हटलं तर तो आडमुठेपणा नसतो.

युरोपने वेगळा मार्ग घेतला. नुकसान किती, सांगितलं होतं का, हे सगळं बाजूला ठेवून अंतराप्रमाणे ठरलेली रक्कम: २५०, ४०० किंवा ६०० युरो. नियम क्रमांक २६१/२००४, लागू १७ फेब्रुवारी २००५ पासून. त्याच वर्षी जूनमध्ये व्हिएन्नाचं एक कुटुंब रोममार्गे निघालं होतं.. कुठे? ब्रिंडिसीला! सुटायच्या पाच मिनिटं आधी कळलं, विमान रद्द. दुसऱ्या विमानाने रोमला पोचेपर्यंत ब्रिंडिसीचं विमान वीस मिनिटांपूर्वी गेलेलं. कंपनी म्हणाली, इंजिनात बिघाड, असाधारण परिस्थिती. २००८ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने 'वालेन्टिन-हरमान' निकालात सांगितलं की यंत्रं बिघडणं हा विमान चालवण्याच्या धंद्याचाच भाग आहे, सहसा ती सबब चालणार नाही. नेमकी हीच सबब आमच्या तोंडावर मारलेली. पण हा नियम युरोपातून सुटणाऱ्या किंवा युरोपीय कंपनीने तिथे उतरणाऱ्या विमानांना. मुंबई-सिंगापूरला त्याचा काही उपयोग नाही. आपल्या डीजीसीएच्या २०१० च्या नियमात उशीर झाला तर खाणंपिणं आहे, सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत आहेत. उशिरासाठी रोख भरपाई नाही.

युरोपच्या नियमाची खरी परीक्षा झाली ती एप्रिल २०१० मध्ये. आइसलंडचा एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी (हे नाव लिहायलाच मला पाच मिनिटं लागली) फुटला आणि आठवड्याभरात सुमारे एक लाख विमानं रद्द, एक कोटी लोक अडकले. आयर्लंडची एक बाई पोर्तुगालमधल्या फारोला अडकली. तिकीट ९८ युरोचं, अडकल्याचा खर्च ११२९ युरो. ज्वालामुखी असाधारण खराच, ठरलेली रक्कम नाही, पण जेवण आणि राहणं द्यावंच लागेल, त्याला दिवसांची किंवा पैशांची मर्यादा नाही, खर्च वाजवी हवा, असं २०१३ साली न्यायालयाने म्हटलं. त्याच आठवड्यात 'सेलेब्रिटी एक्लिप्स' या कोऱ्या करकरीत क्रूझ बोटीने आपला उद्घाटनाचा बेत सोडला आणि स्पेनच्या बिल्बाओहून दोन हजारांच्या आसपास माणसं साउदॅम्प्टनला आणून सोडली. विमानं चुकलेल्यांना न्यायला बोट आली, असं एकदा तरी झालं म्हणायचं.

पण बोट चुकण्यावरचं सगळ्यात साधं औषध युरोपात १९९० च्या पॅकेज टूरच्या निर्देशात होतं, २०१५ च्या नव्या निर्देशाने ते आणखी पक्कं केलं. विमान आणि बोट एकाच सहलीचा भाग म्हणून एकाकडून घेतलं, की सगळी सहल पार पाडायची जबाबदारी त्या एकाची. विमान कोणाचंही असो. म्हणजे ब्रिंडिसीची गाडी कायद्याने परत आणली. आपल्याकडे टूरवाले 'सगळं आमच्याकडूनच घ्या' म्हणायचे तेव्हा मी त्यांना हसायचो. ते बारा टक्के जास्त घेतात म्हणून मी दोन साइट्सवर दोन तिकिटं काढली होती.

आमचं पुढे काय झालं ते सांगतो. बाबांनी विमानतळावर उशिराचं लेखी पत्र घेऊन ठेवलं होतं (सरकारी नोकरीची सवय). हॉटेलचं बिल, पेनांगची तिकिटं, बोटीचं बुकिंग असं सगळं जोडून मी मॉन्ट्रियलच्या कलम १९ चा उल्लेख करून पत्र पाठवलं. पहिलं उत्तर आलं ते तयार साच्यातलं. दुसऱ्या पत्रात मी विचारलं की हा बिघाड टाळायला काय काय केलंत ते कळवा, कारण ते सिद्ध करणं तुमच्यावर आहे. महिन्याभराने हॉटेल आणि पेनांगच्या तिकिटांचे पैसे आले, 'सदिच्छा म्हणून'. बोटीवरच्या हुकलेल्या रात्रीबद्दल एक अक्षर नाही. कलकत्त्याच्या त्या माणसालाही खर्चच मिळाला होता, सिडनीतलं काही नाही.

मॉन्ट्रियल करारात दावा लावायला दोन वर्षांची मुदत आहे, ती अजून संपलेली नाही. त्या एका रात्रीसाठी ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज अर्धा लिहून झालाय. बाबा म्हणतात, सोड रे. आई म्हणते, लिही.