कोरमपुरत्या बाया

धानोऱ्याकडच्या माझ्या आजीच्या गोष्टींत वाघापेक्षा नाकेदार जास्त यायचा. मोळी उतरवायचा, कुऱ्हाड ठेवून घ्यायचा. ती सोडवायला घरची कोंबडी जायची. १९२७चा वन कायदा तिनं वाचला नव्हता, पण त्याचा दर तिला तोंडपाठ होता. मोह वेचायला बाया, तेंदूपानाचे पुडे बांधून फळीवर न्यायला बाया. जंगलाबद्दल बोलायला साहेब आला की मात्र पुढं पटकेवाले. "आमाले कोन इचारते? चहा ठेवा म्हनते," आजी म्हणायची.

१९८८च्या राष्ट्रीय वननीतीनं स्त्रियांना घेऊन लोकचळवळ उभारायचं उद्दिष्ट लिहिलं. १९९०पासून संयुक्त वनव्यवस्थापन आलं. त्याच्या २०००च्या मार्गदर्शक सूचनांनी तर गावच्या वनव्यवस्थापन समितीच्या सर्वसाधारण सभेत निम्म्या बाया हव्यात म्हटलं. आत्या अशाच एका समितीवर होती, हे तिला फार उशिरा कळलं. वही घरी आली होती, तिनं अंगठा दिला होता. रेशनची असेल, असं तिला वाटलं!

२००६च्या वनहक्क कायद्यानं पट्ट्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव आणलं. २०१२च्या सुधारित नियमांनुसार त्यासाठीच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया नसल्या तर कोरमच भरत नाही. म्हणजे आता बोलावणं जातं. पण कोरम भरणं आणि शब्दाला वजन असणं वेगळं. मतं मोजायला बसलं की एक तृतीयांश हरणारच.

म्हणून मला मेंढा (लेखा) मोठं वाटतं. २००९मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, हे सगळे सांगतात. माझ्या लेखी त्याहून मोठी त्यांची जुनी रीत, सर्वसहमतीची. तिथं बहुमत चालत नाही. मागं बसलेली एकटी बाई अडून बसली, तरी गावाला तिच्याशी बोलावंच लागतं.

ही रीत गावाच्या शिवेपलीकडं जात नाही. वनजमीन खाणीला द्यावी का, याचा सल्ला देणाऱ्या दिल्लीतल्या समितीत बायांसाठी कोरमसारखीही कुठली अट नाही. २००९च्या परिपत्रकानं अशा प्रस्तावाआधी ग्रामसभेची संमती मागितली होती. २०२२च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीला त्या संमतीसाठी थांबण्याची गरज ठेवली नाही. वनहक्कांचं राज्यानं नंतर बघायचं.