कारखान्यापासून खेड्यापर्यंत: आफ्रिकेतली औषधांची साखळी आणि खासगी क्षेत्र

गरीब देशांत औषध मिळत नाही म्हटलं की आपण सरकारला दोष देऊन मोकळे होतो. पण कारखान्यातून निघालेलं औषध रुग्णाच्या हाती पडेपर्यंत आयातदार, घाऊक व्यापारी, ट्रकवाला, गावचा दुकानदार अशा बऱ्याच कड्या खासगी असतात. सरकारी दवाखान्यात औषध मोफत असतं, पण ते संपलेलं असेल तर माणूस जाणार कुठे? दुकानातच.

किमतीचा प्रश्न कसा सुटला हे आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला १० ते १२ हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तोच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. ही कंपनी त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापन केली होती. मात्र हा नुसता दिलदारीचा किस्सा नाही. भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. म्हणून दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवता आलं. (२००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागलं.) शिवाय स्वस्त झालं तरी ते विकत घ्यायला कुणीतरी हवं होतं. ते पैसे पुढे ग्लोबल फंड आणि अमेरिकेच्या मदतीतून आले.

आता शेवटच्या टप्प्याचं बघू. झांबियात कोका-कोला दूरच्या खेड्यातही मिळतो, जुलाबाने मरणाऱ्या बाळासाठी ओआरएस मात्र मिळत नाही, ही गोष्ट सायमन बेरी या ब्रिटिश माणसाला १९८० च्या दशकापासून खटकत होती. मग ‘कोलालाइफ’ने एक छोटी पेटी बनवली, ‘किट यामोयो’. त्यात ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या आणि साबण. पेटी क्रेटमधल्या बाटल्यांच्या फटीत बसेल अशा आकाराची. शिवाय एका पाकिटाला २०० मिली पाणी पुरे आणि मापाला पेटीच वापरायची. पूर्वीचं पाकीट एक लिटरचं असे. घरात लिटरचं माप नाही आणि बाळ दिवसभरात तेवढं पीतही नाही! २०१२-१३ मध्ये कालोमो आणि काटेटे जिल्ह्यांत चाचणी झाली. ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळणाऱ्या आजारी मुलांचं प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं, ते सुमारे ४५ टक्क्यांवर गेलं. गिऱ्हाइकांना सवलतीची व्हाउचर दिली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण गंमत अशी की पेट्या क्रेटमधून फारशा गेल्याच नाहीत. दुकानदार त्या घाऊक व्यापाऱ्याकडून विकत घेऊन सायकलवर, पिशवीत, जमेल तसे घेऊन जात. विकून दोन पैसे सुटत होते, म्हणून. माझ्या मते सगळ्या प्रयोगातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. फटीची कल्पना फक्त बातमीत शोभली.

टांझानियाने वेगळी वाट धरली. तिथल्या छोट्या औषध दुकानांना फक्त चिठ्ठीविना मिळणारी औषधं विकायची परवानगी होती, पण अँटिबायोटिक लपून विकलं जायचंच. २००३ पासून रुवुमा प्रांतात सरकारने या दुकानदारांना प्रशिक्षण दिलं, तपासणी लावली आणि ठरावीक औषधं कायदेशीरपणे विकायचा परवाना दिला. नाव पडलं ‘दुका ला दावा मुहिमू’. स्वाहिली भाषेतलं हे नाव उर्दू जाणणाऱ्याला निम्मं तरी समजेल: दुकान, दवा, आणि मुहिमू म्हणजे महत्त्वाचं, ‘अहम’ या शब्दाच्याच मुळातलं.

लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर काय होतं, ते २०२२ मध्ये गांबियात दिसलं. किडनी निकामी होऊन ६० हून जास्त मुलं दगावली. हरियाणात बनलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबरमध्ये दिला. आपल्या तपासणीत नमुने योग्य निघाले, असं भारत सरकारचं म्हणणं होतं. गांबियाकडे स्वतःची औषध तपासणी प्रयोगशाळाच नव्हती. १ जून २०२३ पासून भारतातून खोकल्याचं सिरप निर्यात करायचं तर आधी सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं.