दोन अंधेऱ्या

दौलताबादच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा आईला फार वाईट वाटलं. मी तिची समजूत घातली. म्हटलं, "अगं, १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीहून सबंध राजधानीची बदली इथं केली होती. आमच्या हेड ऑफिसनं निदान एकट्यालाच पाठवलंय." तरीही ती माझ्याबरोबर आलीच.

या गावात राहायचं म्हणजे पाहुण्यांना किल्ला दाखवणं आलं. पगारात न धरलेलं हे काम मी तीन वर्षं करतो आहे, त्यामुळे तिथली 'अंधेरी' मला तोंडपाठ झाली आहे. डोंगर सुमारे २०० मीटर उंच. कडे तासून भिंतीसारखे सरळ उभे केलेले. खंदकावरचा पूल ओलांडला की वर जायला कातळात कोरलेला एक काळोखा, वळणावळणाचा जिना. शत्रू आत शिरला की वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवायची आणि धूर खाली सोडायचा. शंभर माणसं आली तरी लढायला पुढे एखादंदुसरंच! आईचे गुडघे या अंधेरीच्या तोंडाशीच हात जोडतात. "मी इथंच बसते, तुम्ही जिंकून या," म्हणते.

गेल्या दिवाळीत आम्ही मुंबईला मेहुण्यांकडे गेलो. ते राहतात अंधेरीला आणि नोकरी करतात बांधकाम खात्यात. "तुमची अंधेरी पाहिली, आता आमची पाहा," म्हणाले आणि आम्हाला मेट्रोच्या स्टेशनात घेऊन गेले. मुंबईतली ही पहिली मेट्रो. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, सगळी रस्त्याच्या डोक्यावर. ८ जून २०१४ला सुरू झाली.

मी विचारलं, "फलाट दुसऱ्या मजल्यावर, मग हा मधला मजला कशाला?"

मेहुणे खुलले. म्हणाले, "मधला मजला नसता, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिकिटाच्या वेगळ्या खिडक्या लागल्या असत्या. चुकीच्या फलाटावर चढलेला माणूस खाली उतरून, रस्ता ओलांडून, पुन्हा चढला असता. आता दोन्हीकडचे जिने या मजल्यावर येतात. तिकीट इथं, तपासणी इथं. फाटक ओलांडलं की ज्याचा त्याचा फलाट."

म्हणजे आमच्या बँकेचा हॉलच हा! फरक एवढाच, की इथलं फाटक कार्ड लावताच उघडतं. सही जुळत नाही म्हणून उद्या या, असं म्हणत नाही.

उंचावरच्या रेल्वेची ही युक्ती अमेरिकेत जुनीच. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच स्ट्रीटवर १८६८ साली खांबांवरून गाडी धावली, तेव्हा ती दोरानं ओढत. पुढे तिला वाफेची इंजिनं जोडली आणि खालून जाणाऱ्यांच्या टोप्यांवर निखारे नि तेल पडू लागलं. रुळांच्या सावलीनं रस्ते काळवंडले. वर निखारे, खाली काळोख! आमचीच अंधेरी की ही! आमच्याकडे ती शत्रूसाठी मुद्दाम केलेली होती, तिथं ती नागरिकांना फुकट मिळाली. विजेची इंजिनं आली तेव्हा कुठे टोप्या सुटल्या.

"पण जिने एवढे रुंद? जागेचा हा काय भाव आहे!" मी आपला कारकुनी हिशोब काढला.

मेहुणे एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "एल्फिन्स्टन रोड आठवतं ना?"

आठवत होतं. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ. पाऊस पडत होता म्हणून माणसं स्टेशनच्या पुलावरच थांबली. मागून गाड्या येत राहिल्या, माणसं चढत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

त्या पुलावर कोणी शत्रू नव्हता. सगळे कामावर निघालेले. पण अरुंद जिन्याला आपला कोण नि परका कोण हे कळत नाही. दौलताबादला तो जे काम करण्यासाठी कोरला होता, तेच काम त्यानं इथं कोणी न सांगता केलं.

मेहुण्यांनी मग एक अमेरिकी नियम सांगितला. आग लागली तर फलाट ४ मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि शेवटचा माणूस ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचला पाहिजे. गर्दीला मिनिटांनी भागायचं आणि त्यावरून जिन्याची रुंदी ठरवायची. आयुष्यभर मी भागाकार केले, पण उत्तरात माणसं वाचतात असा भागाकार हा पहिलाच. जागेचा भाव मी मुकाट्यानं खोडला.

आई तोवर कुठे दिसेना. पाहतो तो बाईसाहेब लिफ्टनं केव्हाच फलाटावर पोहोचल्या होत्या. तीन वर्षांत प्रथमच ती माझ्याआधी वर होती. म्हणाली, "किती सोपं आहे रे! रामदेवरायाला किल्ल्यात अशी एक लिफ्ट करायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "आई, केली असती तर पहिल्या फेरीला अल्लाउद्दीन खिलजीच वर आला असता."

"येईना का," आई म्हणाली. "त्याचेही गुडघे दुखतच असतील."