खलाशाची नली, ड्रायव्हरचा इकामा

आखाताचा विषय निघाला की आपले बोलणे घरांवर येते. खेड, चिपळूण, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात कौलारू घरांच्या जागी बंगले कधी उठले, मशिदीचे बांधकाम कुणाच्या पैशाने झाले, उर्दू हायस्कूलला देणगी कुणी दिली, हे आपण सहज सांगतो. तो पैसा कोणत्या कामातून आला, हे मात्र 'गल्फला असतो' एवढ्यावर संपते. त्या शब्दांत वेल्डर आहे, मेसन आहे, कारकून आहे, आणि वाळवंटातून रात्रभर ट्रेलर चालवणारा ड्रायव्हरही आहे. घरांचा इतिहास आपण जपला, माणसांच्या कामाचा आणि कागदांचा जपला नाही. हा लेख त्या कागदांविषयी आहे.

परदेशी जाणे कोकणी मुसलमानाला नवे नव्हते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले आमचे पूर्वज मुंबईच्या गोदीतून खलाशी, आगवाले, सारंग म्हणून आगबोटींवर चढत. मुंबई आणि इराणचे आखात यांच्या दरम्यान ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट १८६२ पासून धावू लागली. आखात तेव्हा मुंबईच्या अंगणासारखे होते. तिथल्या बाजारात हिंदुस्थानचा रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, दुबई आणि कतारने १९६६ मध्ये रुपया सोडला. त्या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' १९८२ मध्ये थांबली.

खलाशाचे जिणे सुखाचे होते असे कुणी म्हणू नये. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्याला मिळे. बोट मिळावी म्हणून सारंगाला लाच द्यावी लागे. पण त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या. एक, त्याचा करार बंदरावरच्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, शिपिंग मास्टरसमोर होई. दुसरी, खलाशी ज्याला 'नली' म्हणत ते नोकरीचे पुस्तक. कोणत्या बोटीवर किती काळ काम केले, याची नोंद त्यात असे. शिवाय तो एकटा नसे. बोटीवर त्याच्या गावची, आसपासच्या खाड्यांवरची माणसे असत, आणि पुढे संघटनाही झाल्या. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी परदेशी बंदरांत काम थांबवले आणि पगारवाढ मिळवली. ड्रायव्हरच्या वाट्याला यातले काय आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

१९३२ मध्ये बहरीनला आणि १९३८ मध्ये सौदी अरेबिया व कुवेतला तेल सापडले. पण कामगारांची मोठी भरती सुरू झाली ती १९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाल्यावर. शहरे, रस्ते, विमानतळ, कारखाने, सगळे एकदम बांधायला निघाले. १९७६ च्या सुमारास जेद्दाच्या बंदरात जहाजांची एवढी दाटी झाली की सिमेंटच्या गोण्या हेलिकॉप्टरने उतरवल्या गेल्या. बंदरावर पडलेला माल आत नेणार कोण? दम्माम ते रियाध सुमारे चारशे किलोमीटर, जेद्दा ते रियाध साडेनऊशेच्या आसपास. दम्माम-रियाध रेल्वे १९५१ पासून होती, पण बाकीचा बहुतेक मुलूख ट्रकवरच अवलंबून होता. १९७९ मध्ये दुबईत जबल अलीचे बंदर सुरू झाले. १९८६ मध्ये सौदी आणि बहरीन यांना जोडणारा पंचवीस किलोमीटरचा समुद्रपूल खुला झाला. जेवढी बंदरे आणि पूल वाढले, तेवढी ड्रायव्हरांची गरज वाढली.

कोकणात हे काम शिकायची शाळा म्हणजे ट्रक. पोरगा आधी क्लीनर होई, मग कशेडी आणि परशुराम घाटांत उस्तादाच्या शेजारी बसून गिअर शिके, मग हेवी लायसन्स काढी. आखातात उतरल्यावर कळे की हे लायसन्स इथे पुरत नाही. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे. घाटात मुरलेला माणूस नव्याने परीक्षेला बसे. नापास झाला की पुन्हा फी, आणि रुख्सा हाती येईपर्यंत ड्रायव्हरचा पगार नाही. घरी मात्र एजंटला दिलेल्या पैशाचे कर्ज सुरू झालेले असे. त्यासाठी कुणाची जमीन गहाण असे, कुणाच्या बायकोचे दागिने.

पुढचा रस्ता सरळ होता, आणि सरळपणा हाच त्याचा धोका. घाटात झोप येत नाही, वळणे येऊ देत नाहीत. वाळवंटातल्या सरळ सडकेवर पहाटे डोळा लागतो. वाळूचे वादळ उठते, अंधारात उंट आडवा येतो. अपघातात कुणी दगावले तर दियतीचा प्रश्न उभा राहतो. सौदीत अपघाती मृत्यूची दियत एक लाख रियाल होती, २०११ मध्ये ती तीन लाख झाली. गाडीचा विमा असेल तर विमा कंपनी भरते. विम्याची मुदत संपलेली असेल, तर रकमेची सोय होईपर्यंत ड्रायव्हर तुरुंगात बसू शकतो. विमा भरायचा मालकाने, बसायचे ड्रायव्हरने.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे : कफील. आपल्या फिक्हमध्ये कफालतचा अर्थ दुसऱ्याची जबाबदारी स्वतःवर घेणे. जामीन राहणारा स्वतः बांधला जातो. आखाताच्या कामगार कायद्यात त्याच शब्दाने कामगार बांधला गेला. इकामा कफीलच्या नावावर, नोकरी बदलायला कफीलची परवानगी, सुट्टीवर यायला कफीलची सही. त्यात पासपोर्टही मालकाच्या तिजोरीत ठेवण्याची चाल पडली. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. जो कागद धारकाच्याही मालकीचा नाही, तो तिसऱ्याने कोणत्या हक्काने अडकवून ठेवावा? तीन देशांच्या सरहद्दी ओलांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या मर्जीने एक विमान पकडता येत नव्हते.

याची किंमत दोनदा उघडपणे दिसली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आले. त्यांतल्या अनेकांचे पासपोर्ट मालकांकडे राहिले होते आणि मालक निघून गेले होते. मग जुलै २००४ मध्ये इराकात सात ट्रक ड्रायव्हरांचे अपहरण झाले. त्यांत तीन भारतीय, तीन केनियाचे आणि एक इजिप्तचा. सगळे कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे नोकर. नोकरी कुवेतची, पण माल इराकला चाललेला. परराष्ट्र राज्यमंत्री ई. अहमद यांच्याकडे त्या प्रकरणाची सूत्रे होती. १ सप्टेंबरला ते सुटले. त्याच वर्षी सरकारने इराकात कामाला जाण्यावर बंदी घातली. करारात देशाचे नाव असते, रस्त्याचे नसते, हे त्या सात जणांमुळे कळले.

कायदे थोडे बदलले आहेत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या फीवर मर्यादा आली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदीने २०२१ मध्ये कंपनीच्या कामगारांना तशीच काही मोकळीक दिली, पण घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले. 'आझाद व्हिसा' या गोड नावाखाली ज्याच्याकडे काम करायचेच नाही अशा कफीलला वर्षाला पैसे भरणाऱ्याला यातला कोणताच कायदा तारत नाही.

आमच्या जमाती लग्नांची नोंद ठेवतात, दफनाची ठेवतात, वर्गणीची तर पैशापर्यंत ठेवतात. त्याच कपाटात आणखी एक वही असावी. गावातला कोण कोणत्या देशात, कुणाच्या इकाम्यावर, कोणत्या कामाला गेला, एजंटचा नोंदणी क्रमांक काय, कराराची आणि पासपोर्टची प्रत कुठे आहे, हे तिच्यात लिहिलेले असावे. जाणाऱ्या पोराला करार त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवावा आणि गाडीचा विमा कोण भरणार, गाडी कोणत्या देशांत जाणार, हे त्याच्यासमोर विचारून घ्यावे. आपल्या आजोबांच्या वेळी हे काम निदान शिपिंग मास्टरच्या टेबलापाशी होत असे. आज ते जमातच्या ओट्यावर झाले तरी चालेल, पण पोरगा विमानात बसण्याआधी झाले पाहिजे.