शाळेचा खर्च कोण करत होतं?

माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातली. त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले तेव्हा सगळ्यात आधी एक्सेल शीट उघडली. एका रकान्यात 'सरकारी' शाळा, दुसऱ्यात 'मिशनरी', तिसऱ्यात 'इस्लामी'. मार्गदर्शकांनी शीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "या तिसऱ्या रकान्यातल्या शाळांना पैसा कुठून यायचा?" मला उत्तर देता येईना. त्या एका प्रश्नात माझे सहा महिने गेले. तुम्ही प्रपोजल लिहायला बसला असाल तर तुमचे वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पार्श्वभूमी बघा. १८३७ मध्ये फारसी सरकारी कामकाजातून गेली आणि १८५७ नंतर मुघल दरबारही संपला. ज्या दरबारी आश्रयावर जुने मदरसे चालत, तो आटत गेला. आता मुलांना शिकवायचं कसं आणि कोणाच्या पैशावर? पुढच्या वीस वर्षांत या प्रश्नाची तीन ठिकाणी तीन उत्तरं निघाली.

पहिलं देवबंदचं. १८६६ मध्ये तिथल्या छत्ता मशिदीत एक शिक्षक आणि एक विद्यार्थी अशी सुरुवात झाली. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांनी घालून दिलेली आठ तत्त्वं मुळातून वाचा. जहागीर, कारखाना किंवा एखाद्या श्रीमंताचा शब्द, असं पक्कं उत्पन्न नको, असं ते बजावतात. का? तर बेफिकिरी येईल, ईश्वरावरचा भरवसा सुटेल. म्हणून खर्च लोकांच्या वर्गणीतून चालायचा, आणि सरकारी अनुदान नसल्यामुळे हदीस, फिक्ह, तर्कशास्त्र हा अभ्यासक्रमही स्वतः ठरवता आला.

दुसरं अलीगढचं. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये शाळा काढली. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, कॉलेजची कोनशिला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी बसवली. इथे संस्थानिकांच्या देणग्या होत्या आणि सरकारी मदतही होती. त्याबरोबर इंग्रजी आणि विद्यापीठाच्या परीक्षा आल्या.

तिसरं उत्तर आपल्या मुंबईतलं. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे वगैरे मंडळींनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. इथे पैसा मुख्यतः व्यापाऱ्यांचा, जोडीला सरकारी अनुदान. शाळा १८८० मध्ये सुरू झाली. सीएसएमटीसमोरची तिची देखणी इमारत १८९३ ची. पण मुंबईच्या मुसलमानांत बोहरा, मेमन, कोकणी असे कितीतरी गट; कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या कच्छी, तर कुणाच्या कोकणी वळणाची मराठी. मग सगळ्यांची शाळा कोणत्या भाषेत? १८८२ चा हंटर आयोग मुस्लिम मुलांसाठी हिंदुस्तानी माध्यम सुचवतो, पण 'स्थानिक समाजाला दुसरी भाषा हवी असेल तिथे सोडून' अशी पुस्तीही जोडतो. त्या एका पुस्तीत भाषेचा सगळा वाद दडलाय.

बघा, तिन्ही संस्था 'इस्लामी'च. माझ्या शीटमध्ये तिन्ही एकाच रकान्यात बसल्या असत्या आणि माझा निष्कर्ष सुबक पण चुकीचा निघाला असता.

मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. पैसा कळला की सगळं कळलं, असं होत नाही. सरकारी पैशापासून लांब राहिलेल्या देवबंदनेही ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा, छापील अहवाल ही नव्या काळातल्या संस्थांची पद्धत उचलली. म्हणजे 'जुनं विरुद्ध आधुनिक' ही जोडीसुद्धा इथे टिकत नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. कोणत्याही संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला की उद्दिष्टांचं पान नंतर वाचा. आधी देणगीदारांची यादी काढा. कोणी रोख दिली, कोणी पुस्तकं, कोणी धान्य, हे उतरवून घ्या. मी माझा तिसरा रकाना पुसला आणि तिथे नुसतं 'खर्च कोणाचा?' असं लिहिलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.