मांजराच्या गळ्यातली दोरी

'द कॅट रिटर्न्स' हा स्टुडिओ घिबलीचा सव्वा तासाचा सिनेमा २००२ साली आला. मी तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला, आणि नंतर बऱ्याचदा. गोष्ट लहान मुलांची आहे. हारू नावाची शाळकरी मुलगी ट्रकखाली येणाऱ्या एका मांजराला वाचवते. ते मांजर दोन पायांवर उभं राहतं, अंग झटकतं, वाकून आभार मानतं आणि निघून जातं. त्याच रात्री मांजरांचा राजा लवाजम्यासकट तिच्या दारात हजर! वाचलेलं मांजर त्याचा राजपुत्र असतो. मग भेटी सुरू होतात. अंगणभर तुरेवालं गवत, खोक्यांत भरलेले जिवंत उंदीर, आणि शेवटी राजपुत्राशी लग्नाचा प्रस्ताव.

जपानीत या सिनेमाचं नाव आहे 'नेको नो ओनगाएशी'. म्हणजे मांजराने केलेली उपकाराची फेड. जपानी लोककथांत उपकार फेडणारे प्राणी पुष्कळ आहेत. जखमी करकोचा बाईचं रूप घेऊन येतो आणि आपलीच पिसं उपटून कापड विणून देतो, ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट. करकोचा माणसाला हवं ते देतो. मांजर मात्र स्वतःला आवडतं ते देतं. एवढा रुबाब मांजराला आला कुठून, हे शोधायला गेलं की हजार वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे सापडते एक दोरी.

सम्राट उदाने ८८९ साली आपल्या रोजनिशीत एका काळ्या मांजराबद्दल लिहून ठेवलंय. ते समुद्रापलीकडून आलेलं, वडिलांकडून मिळालेलं मांजर. त्याचा रंग, त्याची चाल, त्याला रोज सकाळी दिली जाणारी दुधाची पेज, सगळं कौतुकाने नोंदवलंय. तेव्हा जपानमध्ये पाळीव मांजर म्हणजे दुर्मीळ, महागडी चीज. पळून जाऊ नये म्हणून दरबारी लोक ते बांधून ठेवत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'गेंजीची कथा' या कादंबरीत अशाच एका मांजराच्या दोरीने पडदा बाजूला सरकतो, आतली राजकन्या एका तरुणाला दिसते आणि पुढचा सगळा अनर्थ घडतो. लक्षात घ्या, इथे मांजरात काहीही जादू नाही. जे काय केलं ते दोरीने केलं.

जादू, किंवा खरं तर भीती, होती डोंगरातल्या मांजरात. १२३३ साली कवी फुजिवारा नो तेइका याने रोजनिशीत नोंद केली, की नारामध्ये 'नेकोमाता' नावाच्या प्राण्याने एका रात्रीत अनेक माणसं मारली. साधारण १३३० च्या सुमारास योशिदा केंको हा भिक्षू लिहितो, की नेकोमाता डोंगरात असतो असं लोक म्हणतात. पण कुणी असंही म्हणतं, की आपल्या आसपासचीच मांजरं म्हातारी झाली की नेकोमाता होतात. मग तो एक किस्सा सांगतो. हे ऐकून घाबरलेला एक कवी-भिक्षू रात्री एकटाच घरी निघालेला असतो. अंधारात काहीतरी अंगावर झेपावतं, तो ओरडत ओढ्यात पडतो. लोक दिवे घेऊन धावतात. तो त्याचाच पाळलेला कुत्रा असतो! मालकाला पाहून आनंदाने उडी मारलेला.

हा विनोद मला महत्त्वाचा वाटतो, कारण भीती डोंगरातून गल्लीत आलेली इथे स्पष्ट दिसते.

मग १६०२ साल. क्योटोमध्ये फर्मान निघालं: मांजरांच्या दोऱ्या सोडा, त्यांना मोकळं फिरू द्या, त्यांची खरेदी-विक्री बंद. यावर 'नेको नो सोशी' नावाची एक मजेदार गोष्टही रचली गेली. उपासमारीने हैराण उंदीर एका भिक्षूच्या स्वप्नात येऊन गाऱ्हाणं मांडतात. मग मांजर येऊन आपली बाजू मांडतं. म्हणजे मोकळं झाल्यावर मांजराला गोष्टीत बोलायला मिळालं, तेही वादी-प्रतिवादी म्हणून.

पुढच्या एदो काळात म्हाताऱ्या मांजराची शेपटी दुभंगते आणि ते माणसासारखं वागू लागतं, ही समजूत घट्ट झाली. तोरियामा सेकिएनच्या १७७६ च्या भुताखेतांच्या चित्रसंग्रहात दोन पायांवर उभं राहिलेलं असं मांजर आहे. याचं एक स्पष्टीकरण असं देतात: स्वस्त दिव्यांत माशाचं तेल जाळायचे, आणि ते चाटायला मांजर मागच्या पायांवर उभं राहायचं. भिंतीवर पडलेली ती लांब सावली डोळ्यांसमोर आणून बघा.

ही सावली लहान मुलांच्या पुस्तकात आणली मियाझावा केंजीने. १९२४ च्या त्याच्या कथासंग्रहात इचिरो नावाच्या मुलाला रानमांजराकडून वेडंवाकडं लिहिलेलं पोस्टकार्ड येतं: खटला आहे, या. भांडण असतं ओकच्या बियांमध्ये, सगळ्यांत श्रेष्ठ कोण यावरून. इचिरो तोडगा सुचवतो, मांजर खूश होतं आणि विचारतं, यापुढे पत्रात 'हजर राहावे' असं लिहू का? मुलाला ती भाषा खटकते. बक्षीस म्हणून मिळालेल्या सोनेरी बिया घरी पोचेपर्यंत साध्या तपकिरी होतात, आणि पत्र पुन्हा कधीच येत नाही.

हारूची गोष्ट मला याच वळणावरची वाटते. मांजर मित्र होतं, पण त्याचा कायदा त्याचा स्वतःचा असतो. अओई हिइरागीच्या १९८९ च्या मांगावरून १९९५ साली घिबलीने 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' केला. त्यात बॅरन हा मांजराचा पुतळा होता. २००२ मध्ये तोच जिवंत होऊन हारूला वाचवायला येतो.

आणि वाचवायचं कशापासून, तर कौतुकापासून. मांजरांच्या राज्यात हारूला मेजवानी आहे, भरजरी पोशाख आहे, आरामच आराम आहे. फक्त तिला काय हवंय हे राजा विचारत नाही. तिला हळूहळू मिशा फुटतात, कान बदलतात. पहाटेपर्यंत बाहेर पडली नाही तर ती कायमची मांजर होणार असते. एकेकाळी राजवाड्याने मांजराशी जे केलं तेच मांजरांचा राजा माणसाच्या मुलीशी करतोय: दुधाची पेज, लाड आणि दोरी.

नोकरीला लागल्यावर हा भाग मला जास्त कळला. ऑफिसात फुकटचं जेवण, रात्रीची कॅब, 'आपण एक फॅमिली आहोत' हे सगळं मिळतं, तेव्हा आपल्या मिशा किती वाढल्यात ते आरशात बघायला वेळच नसतो. हारूला तो वेळ मिळतो. ती राजाला तोंडावर नाही म्हणते आणि घरी जाते. राजपुत्राशी तिचं भांडण नाही. त्यालाही हे लग्न नकोच असतं, त्याची निवड आधीच झालेली असते. दोघंही मोकळे होतात, आणि मग त्या उपकाराची फेड खऱ्या अर्थाने होते.