पाणबुडीपासून गुडघ्यापर्यंत : न ऐकू येणाऱ्या ध्वनीची कथा

१/ गेल्या पावसाळ्यात माहुली उतरताना माझा गुडघा मुरगळला. आसनगावला परतल्यावर भौतिकोपचार सुरू झाले. गुडघ्यावर गार जेल लावून धातूचा एक गोल तुकडा फिरवला जाई. ना आवाज, ना वेदना. या यंत्राचा पूर्वज समुद्रात पाणबुड्या शोधत होता!

२/ १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या बंधूंना आढळले की, क्वार्ट्झचा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो. उलटही घडते : विद्युतदाब सतत बदलत ठेवला की स्फटिक कंप पावतो.

३/ पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी हेच तत्त्व वापरून पाण्यात श्राव्यातीत लहरी सोडल्या. टाकीतील मासे मेले. पाण्यात हात घातला तर वेदना होई. १९२७ मध्ये वुड आणि लूमिस यांनी या लहरींच्या जैविक परिणामांवर संशोधन प्रसिद्ध केले.

४/ जे मारते, तेच मात्रेत तारेल काय? १९३०च्या दशकाअखेरीस जर्मनीत पोलमान यांनी या लहरी रुग्णांवर वापरल्या.

५/ उपचारात बहुधा १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या लहरी असतात. १च्या अधिक खोल जातात. हवेच्या थरावरून लहरी परावर्तित होतात, म्हणून जेल. एकाच जागी उष्णता साचू नये, म्हणून तुकडा फिरता.

६/ आपल्याकडे भौतिकोपचाराचे शिक्षण रुजले ते पोलिओमुळे. १९५०च्या दशकारंभी राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात ते सुरू झाले. तेथेच १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली होती. लुळ्या पायांना पुन्हा उभे करणे, हा मूळ ध्यास.

७/ आता अवघड प्रश्न : यंत्राने गुण येतो का? २००१ मध्ये रॉबर्टसन आणि बेकर यांनी ३५ चाचण्या तपासल्या. पद्धतीच्या कसोटीवर १० टिकल्या. त्यांपैकी केवळ २ मध्ये खरा उपचार लटक्या उपचारापेक्षा सरस ठरला.

८/ माझा गुडघा बरा झाला. श्रेय लहरींचे, विश्रांतीचे, की रोज करवून घेतलेल्या व्यायामाचे? एका गुडघ्यावरून ते सांगता येत नाही. ‘यानंतर घडले, म्हणून यामुळेच घडले’ हा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी आवरायला हवा. म्हणून यंत्र असो वा नसो, व्यायाम मात्र चुकवू नका.